छातीतली कळ : हृदयाचे गाऱ्हाणे

(हृदयविकारामुळे छातीत येणारी कळ कशी ओळखावी, ती आल्यावर पहिल्या तासाभरात काय करावे आणि ती लपविण्याची सवय आपल्याला किती महाग पडते, या विषयावर कार्यकर्ते व त्यांच्या कुटुंबीयांसमोर एका हृदयरोगतज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन.)



संयोजकांनी मला ‘हृदयरोग आणि आपण’ असा विषय दिला आहे. तो एका संध्याकाळी संपणारा नाही. म्हणून मी त्यातील एकच लक्षण निवडले आहे : छातीत येणारी कळ. हे लक्षण मी का निवडले, ते एका प्रसंगावरून आपल्या ध्यानात येईल.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एका ज्येष्ठ कार्यकर्त्याला आणण्यात आले. वय ५८. जिल्ह्याचे काम त्यांच्याकडे होते. महिन्यातील वीस-बावीस दिवस प्रवास, मुक्काम कार्यकर्त्यांच्या घरी, जेवण मिळेल त्या वेळी. ते माझ्यासमोर आले तेव्हा छातीत दुखू लागून नऊ तास उलटले होते. रात्री अकराच्या सुमारास बैठक चालू असतानाच कळ आली होती. ‘पित्त झाले असेल’ असे म्हणून त्यांनी यजमानांकडून खाण्याचा सोडा मागून घेतला, बैठक पुरी केली, आणि ‘अपरात्री कोणाची झोपमोड कशाला’ म्हणून उजाडेपर्यंत भिंतीला टेकून बसून राहिले. त्यांचा जीव वाचला. परंतु हृदयाच्या स्नायूचा मोठा भाग कायमचा निकामी झाला. त्यांचा प्रवास त्या दिवशी संपला.

चार दिवसांनी त्यांनी मला आपली प्रवासाची वही दाखविली. तारीख, गाव, झालेल्या भेटी, खर्चाचा हिशेब, सारे नीटनेटके. समासात मात्र बारीक अक्षरांत काही वेगळ्या नोंदी होत्या. ‘स्टँडचा चढ. छाती भरली. थांबलो, गेले.’ ‘जेवणानंतर चालताना पुन्हा.’ पहिली नोंद चार महिन्यांपूर्वीची होती. शेवटच्या आठवड्यात रोज एक नोंद होती. हृदयाने त्यांना चार महिने आधी कळविले होते. त्यांनी ते प्रामाणिकपणे लिहूनही ठेवले होते. पण सांगितले कोणालाच नाही; घरी वहिनींनाही नाही.

त्या समासातील नोंदींचा अर्थ काय होता, तो वेळीच कसा लावता आला असता, हे आज मला आपल्यासमोर मांडायचे आहे.

हृदयाची स्वतःची भूक

हृदय म्हणजे सुमारे ३०० ग्रॅम वजनाचा, आपल्या मुठीएवढा, स्नायूंचा पंप. मिनिटाला सत्तर-बहात्तर ठोके धरले तर दिवसाला एक लाखाहून अधिक ठोके होतात. आपण स्वस्थ बसलेलो असतानाही हा पंप मिनिटाला सुमारे पाच लिटर, म्हणजे चोवीस तासांत सात हजार लिटर रक्त शरीरभर फिरवतो. परंतु आपल्या पोकळीतून वाहणाऱ्या या रक्तातून त्याला स्वतःची भूक भागवता येत नाही. महारोहिणीच्या उगमापाशी दोन लहान रोहिण्या फुटतात, त्या मुकुटासारख्या हृदयावर पसरतात आणि त्यांच्यातून हृदय स्वतःला पोसते. मुख्य शाखांची रुंदी जेमतेम तीन-चार मिलिमीटर. शरीराला पुरविलेल्या रक्तापैकी केवळ विसावा हिस्सा हृदय स्वतःसाठी ठेवते.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागेल. पायाचा स्नायू कामाला लागला की आलेल्या रक्तातून तो अधिक प्राणवायू काढून घेऊ शकतो. हृदयाजवळ अशी शिल्लक फारशी नसते. विश्रांतीतही ते आपल्या वाट्याच्या रक्तातील सत्तर ते पंचाहत्तर टक्के प्राणवायू वापरून टाकीत असते. काम वाढले की त्याला अधिक रक्तच मिळाले पाहिजे, दुसरा मार्ग नाही. शिवाय हृदयाच्या डाव्या, मुख्य कप्प्याच्या स्नायूला रक्त मिळते ते बहुतांशी दोन ठोक्यांमधील विसाव्यात. ठोके जलद झाले की हा विसावा आखूड होतो. म्हणजे गरज वाढते नेमक्या त्याच वेळी रक्त मिळण्याचा अवधी घटतो.

आता या रोहिण्यांच्या आतील अस्तरात वर्षानुवर्षे चरबीचे व चुन्याचे थर साचत गेले तर काय होईल? वाहिनी सत्तर टक्क्यांच्या आसपास अरुंद होईपर्यंत बहुधा काही कळत नाही. त्यानंतरही बसल्या जागी काही होत नाही. गावाच्या नळयोजनेचे उदाहरण घ्या. जुना, आतून गंजलेला नळ असला तरी दोन माणसांच्या घराला पाणी पुरते. त्याच घरात लग्न निघाले की पुरत नाही. चढ, जिना, हातातली जड पिशवी, भरल्या पोटी चालणे, पहाटेची थंडी, एकाएकी आलेला संताप ही हृदयाच्या घरची लग्ने. पुरवठा तेवढाच राहतो, मागणी वाढते, स्नायू उपाशी पडतो आणि आपले गाऱ्हाणे वेदनेच्या रूपाने मांडतो. माणूस थांबला की मागणी उतरते आणि वेदना जाते. ‘थांबलो, गेले’ या दोन शब्दांत आमच्या त्या कार्यकर्त्याने स्वतःच्या रोगाचे निदान लिहून ठेवले होते.

जुनीच ओळख

ही वेदना मानवाला नवी नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ‘हृच्छूल’ नावाच्या विकाराचे वर्णन आहे. कफ आणि पित्त यांनी अडविलेला वायू हृदयाच्या ठिकाणी राहून श्वास कोंडणारा शूल उत्पन्न करतो, असा त्याचा आशय आहे. रोहिणीतील थर, रक्ताची गुठळी हे ज्ञान त्या काळी नव्हते. ते होते असे म्हणण्यात आपला गौरव नाही. पण रुग्णाजवळ बसून, त्याचे बोलणे ऐकून, वेदना आणि अडथळा यांची सांगड घालणारी दृष्टी आपल्या पूर्वजांजवळ होती, हे निःसंशय अभिमानास्पद आहे.

पाश्चात्त्य वैद्यकात या विकाराचे स्पष्ट चित्र विल्यम हेबर्डन यांनी रेखाटले. त्यांनी १७६८ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्ससमोर ते वाचले आणि १७७२ साली ते छापून आले. चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर, छातीत आवळल्यासारखे होते आणि उभे राहताच ते नाहीसे होते, असे त्यांनी नोंदविले. त्यांनीच या विकाराला ‘अंजायना’ हे नाव दिले. मूळ लॅटिन शब्दाचा रोख गळा आवळला जाण्याकडे आहे. हेबर्डन यांच्याजवळ स्टेथोस्कोप नव्हता, ई.सी.जी. नव्हता. रुग्णाने सांगितले आणि त्यांनी ऐकले, एवढ्यावर हे निदान झाले. आजही अंजायनाचे अर्धेअधिक निदान रुग्णाच्या तोंडच्या शब्दांतच असते. त्याने सांगितलेच नाही तर लक्षावधी रुपयांची यंत्रेही मुकी राहतात.

त्याच काळातील प्रख्यात शल्यविशारद जॉन हंटर यांना हा विकार होता. रागाचा झटका आला की त्यांच्या छातीत कळ येई. आपल्याला डिवचणाऱ्या कोणाही दुष्टाच्या हाती आपला जीव आहे, असे ते म्हणत, अशी आठवण सांगितली जाते. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात एका बैठकीतील वादावादीनंतर ते कोसळले आणि गतप्राण झाले. शवविच्छेदनात त्यांच्या हृदयाच्या रोहिण्या कठीण झालेल्या आढळल्या. बैठका घेणाऱ्या आपणा सर्वांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे. (हशा)

ओळखायची कशी?

पहिली अडचण शब्दांची आहे. ‘छातीत दुखते का?’ असे विचारले तर पुष्कळ रुग्ण ‘नाही’ म्हणतात, आणि ते खोटे बोलत नसतात. अंजायना बहुधा ‘दुखत’ नाही. छाती भरून येते, दडपण येते, कोणी दगड ठेवल्यासारखे वाटते, पट्टा आवळल्यासारखे वाटते, जळजळते, कोंडल्यासारखे होते. रुग्ण एका बोटाने जागा दाखवत नाही. तो छातीच्या मध्यावर पंजा पसरतो किंवा मूठ आवळून धरतो. कधी ही संवेदना डाव्या हाताच्या आतल्या बाजूने करंगळीकडे उतरते, कधी दोन्ही हातांत, खांद्यांत, गळ्यात, खालच्या जबड्यात, पाठीत किंवा बेंबीच्या वर जाणवते. याचे कारण सोपे आहे. हृदयाकडून येणारे वेदनेचे मज्जातंतू पाठीच्या कण्यातील ज्या पातळीवर शिरतात, त्याच पातळीवर छातीच्या व हाताच्या त्वचेकडून येणारे तंतूही शिरतात. निरोप हृदयाचा असतो, मेंदूला तो हाताचा वाटतो.

म्हणून मी रुग्णाला तीन प्रश्न विचारतो. ते आपण घरीही विचारू शकता. छातीच्या मध्याशी, किंवा गळा, जबडा, हात यांत, दडपण किंवा आवळल्यासारखे वाटते का? ते श्रमाने अथवा मनाच्या क्षोभाने येते का? थांबल्यावर, किंवा जिभेखालच्या गोळीने, काही मिनिटांत जाते का? तिन्हींचे उत्तर ‘होय’ असेल तर तो अंजायना आहे असे धरूनच पुढे जावे. दोन उत्तरे ‘होय’ असली तरी तपासणी टाळू नये.

उलट, सुई टोचल्यासारखी क्षणभराची चमक, बोटाने दाबल्यावर नेमक्या जागी दुखणे, कूस बदलल्यावर किंवा खोल श्वास घेतल्यावर वाढणारी उसण, दिवसभर मंद ठसठस पण जिना चढताना काहीच त्रास नाही, अशी दुखणी बहुधा स्नायूंची, फासळ्यांची वा अन्य कारणांची असतात. ‘बहुधा’ हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो. एकाएकी आलेली, पाठीत फाटत गेल्यासारखी तीव्र वेदना, किंवा वेदनेबरोबर वाढलेली धाप, ही हृदयाच्या रोहिणीची नसली तरी तेवढीच तातडीची असू शकते. निश्चितीचे काम डॉक्टरांवर सोडावे.

आणि आता त्या कुप्रसिद्ध शब्दाकडे येऊ : ‘गॅस’. मराठी घरांत छातीतल्या प्रत्येक दुखण्याला पित्त किंवा गॅस म्हणण्याची प्रथा आहे. जठरातील आम्लामुळे छातीत जळजळ होते, हे खरे आहे. पण हृदयाच्या झटक्यातही मळमळ होते, उलटी होते, ढेकर येतो. आणि ढेकर आल्यावर क्षणभर बरेही वाटते. चाळिशी उलटलेल्या माणसाला, विशेषतः मधुमेह, रक्तदाब, तंबाखू यांची पार्श्वभूमी असताना, छातीत नव्याने जळजळ झाली, घाम फुटला, तर ‘गॅस’ हे निदान ई.सी.जी. आणि रक्ततपासणी झाल्यानंतर करावे, आधी नव्हे.

ज्यांची कळ कळत नाही

माता-भगिनींसाठी हा भाग मी मुद्दाम ठेवला आहे. स्त्रियांनाही छातीत दडपण येतेच. परंतु त्यांच्यात धाप, कमालीचा थकवा, मळमळ, जबड्यात वा पाठीत दुखणे, दरदरून घाम अशी लक्षणे पुरुषांपेक्षा अधिक वेळा पुढे येतात. परिणामी घरचे त्याला अशक्तपणा म्हणतात, कधी डॉक्टरही म्हणतात. पाळी थांबल्यानंतर स्त्रीला या विकाराचा धोका वाढत जातो. बादली उचलून गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली की जबडा दुखतो आणि खाली येऊन बसली की थांबतो, असे एखादी गृहिणी सांगत असेल तर दंतवैद्याबरोबर हृदयाच्या डॉक्टरांचीही भेट घ्यावी. घरातील प्रत्येकाच्या औषधाची वेळ तिला पाठ असते. तिची स्वतःची तपासणी मात्र दिवाळीनंतरवर, परीक्षेनंतरवर, लग्नानंतरवर ढकलली जाते.

दुसरा गट मधुमेहींचा. दीर्घकाळच्या मधुमेहात मज्जातंतू बोथट होतात. हृदयाची हाक त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. त्यांना केवळ धाप लागते, किंवा काहीच होत नाही आणि जुना झटका पुढे ई.सी.जी.मध्ये सापडतो. तिसरा गट वृद्धांचा. आजोबा एकाएकी गळून गेले, घाम आला, गोंधळल्यासारखे बोलू लागले, तर ‘वय झाले’ म्हणून थांबू नये.

स्थिर आणि अस्थिर

ठराविक श्रमाने येणारी, काही मिनिटांत जाणारी, महिनोन्‌महिने सारखीच राहणारी कळ म्हणजे स्थिर अंजायना. ती गंभीर आहेच, परंतु औषधोपचाराला अवधी देणारी आहे. खरी सावधगिरी बदल घडतो तेव्हा हवी. पहिल्यांदाच आलेली कळ, पूर्वी दोन जिने चढल्यावर येणारी आता अर्ध्या जिन्यावर येऊ लागली, बसल्या जागी किंवा झोपेत आली, अधिक वेळ टिकू लागली, तर तो अस्थिर अंजायना. याचा अर्थ रोहिणीतील थराला तडा गेला आहे, त्यावर रक्ताची गुठळी धरू लागली आहे. गुठळीने वाहिनी पूर्ण बंद केली की हृदयविकाराचा झटका येतो आणि स्नायू मरू लागतो. पुष्कळदा हा तडा वाहिनी फारशी अरुंद न झालेल्या ठिकाणीही जातो; म्हणूनच काहींना कोणतीही पूर्वसूचना न मिळता झटका येतो. ज्यांना पूर्वसूचना मिळते ते त्या अर्थाने भाग्यवान. वहीतील शेवटच्या आठवड्याची रोजची नोंद ही अशी पूर्वसूचना होती. त्या आठवड्यात ते रुग्णालयात आले असते, तर आज ते प्रवासात असण्याची पुष्कळ शक्यता होती.

त्या घटकेला काय करावे?

कळ आली की हातातले काम तत्क्षणी थांबवा. भाषण असो, पूजा असो, बैठक असो. बसा आणि जवळच्या माणसाला सांगा. आधीपासून अंजायनाचे निदान झालेले असेल आणि डॉक्टरांनी सॉर्बिट्रेटसारखी गोळी दिली असेल, तर ती बसून जिभेखाली ठेवा. उभ्याने घेऊ नका. रक्तदाब उतरून भोवळ येते. रक्तदाब आधीच फार कमी असेल, किंवा पुरुषांनी लैंगिक दुर्बलतेसाठी सिल्डेनाफिल, टाडालाफिल यांसारखी गोळी आदल्या एक-दोन दिवसांत घेतली असेल, तर ही गोळी घातक ठरू शकते. असे औषध घेतले असल्यास डॉक्टरांना संकोच न करता सांगावे. दुसऱ्याची गोळी आपण घेऊ नये, आपली दुसऱ्याला देऊ नये.

या गोळीच्या कुळाची कथा मोठी विलक्षण आहे. आल्फ्रेड नोबेल यांनी नायट्रोग्लिसरीन या स्फोटक द्रवापासून डायनामाइट बनविले. तेच द्रव्य अत्यल्प मात्रेत अंजायनावर गुणकारी ठरते, हे लंडनच्या विल्यम मरेल यांनी १८७९ साली दाखवून दिले, आणि पुढे खुद्द नोबेल यांनाच त्यांच्या डॉक्टरांनी ते सुचविले. रोहिण्या सैलावण्यामागे नायट्रिक ऑक्साइड हा वायू असतो, या शोधाला १९९८ साली नोबेल यांच्याच नावाचे पारितोषिक मिळाले.

विश्रांती आणि गोळी यांनी पाच मिनिटांत कळ गेली नाही, किंवा ती पहिल्यांदाच आली असून कमी होत नाही, किंवा सोबत घाम, धाप, भोवळ आहे, तर तो झटका समजून १०८ क्रमांकाला दूरध्वनी करा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे आणि तिच्यात डॉक्टर असतो. ॲस्पिरिनची ॲलर्जी वा रक्तस्रावाचा विकार नसेल, तर दूरध्वनीवरील डॉक्टरांना विचारून सुमारे ३०० मिलिग्रॅम साधे ॲस्पिरिन चावून गिळावे. स्वतः दुचाकी किंवा मोटार चालवत जाऊ नये. जिना उतरायचा असेल तर रुग्णाला खुर्चीत बसवून उतरवावे. आपल्या गावापासून चोवीस तास ई.सी.जी. होणारे ठिकाण कोणते, अँजिओप्लास्टी होणारे ठिकाण कोणते, ही माहिती आजच काढून भिंतीवर लावा. त्या रात्री शोधू नका.

एवढी घाई कशासाठी? वाहिनी बंद झाल्यानंतर स्नायू टप्प्याटप्प्याने मरतो, आणि पहिल्या एक-दोन तासांत ती उघडली तर सर्वाधिक भाग वाचतो. रुग्ण पोहोचल्यापासून दहा मिनिटांत ई.सी.जी. व्हावा आणि झटका मोठा असेल तर दीड-दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी व्हावी, असे आज मानले जाते. ती सोय जवळ नसेल तर गुठळी विरघळविणारे इंजेक्शन तालुक्याच्या ठिकाणीही देता येते, आणि वेळेत दिलेले इंजेक्शन उशिरा झालेल्या महागड्या उपचाराहून श्रेयस्कर ठरते. पहिला ई.सी.जी. निर्दोष आला तरी निश्चिंत होऊ नये. तो पुन्हा काढावा लागतो आणि ट्रोपोनिन ही रक्ततपासणी करावी लागते. स्थिर अंजायनाच्या रुग्णाचा विश्रांतीतला ई.सी.जी. तर कित्येकदा पूर्णपणे निर्दोष असतो.

उपचारांविषयी दोन शब्द

झटक्यात अँजिओप्लास्टी जीव वाचवते, याबद्दल शंका नाही. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिच येथे आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी हृदयाच्या रोहिणीतील पहिली अँजिओप्लास्टी केली, त्याला आता जवळजवळ पन्नास वर्षे होत आली. परंतु स्थिर अंजायनात चित्र निराळे आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘करेज’ आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘इस्केमिया’ या मोठ्या अभ्यासांतून असे दिसले की, उत्तम औषधोपचाराच्या जोडीला सुरुवातीलाच स्टेंट वा बायपास केल्याने अशा बहुसंख्य रुग्णांचे आयुष्य औषधोपचाराच्या तुलनेत वाढत नाही; कळ मात्र अधिक चांगली आटोक्यात येते. डाव्या मुख्य रोहिणीतील मोठा अडथळा, दुर्बळ झालेले हृदय असे अपवाद आहेत. तात्पर्य, झटक्यात विलंब नको आणि स्थिर विकारात घाबरून निर्णय नको. तेथे दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यास अवसर असतो.

खर्चाच्या भीतीने घरी बसणारेही पुष्कळ आहेत. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या औषध मूल्य प्राधिकरणाने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली. औषधयुक्त स्टेंटची कमाल किंमत त्या वेळी २९,६०० रुपये ठरली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास यांचा समावेश आहे. आपल्या वस्तीतील पात्र कुटुंबांची कागदपत्रे आधीच तयार ठेवून देणे हे मोठे सेवाकार्य आहे.

मूळ कारणे

बावन्न देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासाने २००४ साली दाखविले की, पहिल्या झटक्याचा सुमारे नव्वद टक्के धोका नऊ गोष्टींशी निगडित आहे : धूम्रपान, रक्तातील चरबीचे बिघडलेले प्रमाण, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, भाज्या-फळांची उणीव, व्यायामाचा अभाव आणि मद्यपानाचे स्वरूप. भारतीय उपखंडातील लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा काही वर्षे आधी, सरासरी पन्नाशीच्या आरंभीच येतो, असेही त्यातून पुढे आले. म्हणजे कर्ता माणूसच आधी जातो. विडी-सिगारेटबरोबर तंबाखू, मिसरी, गुटखाही सोडलेच पाहिजेत. सूर्यनमस्कार, योगासने, रोजचे अर्धा तास भरभर चालणे अवश्य करावे. परंतु ज्याला कळ येते आहे त्याने आधी तपासणी, मग व्यायाम, हा क्रम पाळावा. प्राणायामाने मन शांत होते, साचलेला थर विरघळत नाही. आले-लसूण-लिंबाच्या काढ्याने ‘ब्लॉकेज’ निघते, किंवा जोराने खोकत राहिल्याने झटका टळतो, असे संदेश हातोहाती फिरत असतात. त्यांना आधार नाही. त्यापायी रक्तदाबाची आणि चरबीची औषधे बंद केलेले रुग्ण मी अतिदक्षता विभागात पाहिले आहेत.

सोशिकपणाची मर्यादा

शेवटी मनातले बोलतो. सहन करणे हा आपण सद्गुण मानतो, आणि तो आहेच. स्वतःच्या दुःखाचा डांगोरा न पिटणे, यजमानांना तोशीस न देणे, हाती घेतलेले काम अर्धवट न टाकणे हे संस्कार आपण लहानपणापासून घेतले. त्या रात्री भिंतीला टेकून बसलेल्या माणसाने या साऱ्या संस्कारांचे पालनच केले. पण मी त्यांना विचारले, ‘दादा, शेजारच्या खाटेवरच्या कार्यकर्त्याच्या छातीत कळ आली असती, तर तुम्ही उजाडेपर्यंत थांबला असता का?’ ते म्हणाले, ‘छे! त्याला पाठीवर घालून आणला असता.’ मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, ‘डॉक्टर, हा अहंकारच होता म्हणायचा.’

मला तसे म्हणवत नाही. पण एवढे निश्चित सांगतो की, शरीर हे आपल्या मालकीचे नाही. ज्या कार्याला ते वाहिले त्या कार्याचे ते आहे, ज्या घराचा ते आधार आहे त्या घराचे ते आहे. विश्वस्ताने ठेवीची खबर वेळेवर द्यायची असते. ती लपविणे हा त्याग होत नाही.

म्हणून येथून जाताना तीन गोष्टी करा. आज घरी गेल्यावर आई, वडील, पत्नी, पती यांना ते तीन प्रश्न विचारा. ‘दुखते का’ असे विचारू नका, ‘चढताना छाती भरते का’ असे विचारा. आपल्या भागातील चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक कार्यकर्त्याची रक्तदाब, साखर व चरबीची तपासणी वर्षातून एकदा होईल असे पाहा. आणि प्रत्येक वस्तीत निदान दहा तरुण-तरुणींना, बेशुद्ध पडून श्वास थांबलेल्या माणसाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाबून रुग्णवाहिका येईपर्यंत रक्ताभिसरण चालू कसे ठेवावे, याचे प्रशिक्षण द्या. एका सकाळी ते शिकून होते.

ते ज्येष्ठ कार्यकर्ते आज प्रवास करीत नाहीत. सकाळी अंगणात थोडे चालतात. नवा कार्यकर्ता भेटीला आला की कामाची चौकशी करून झाल्यावर त्याला न चुकता एक प्रश्न विचारतात, ‘जिना चढताना छातीत काही होत नाही ना रे?’ त्यांच्या या प्रश्नामुळे दोन जण माझ्याकडे वेळेत आले. ते दोघेही आज काम करीत आहेत.



भारतमाता की जय!